गोव्यातल्या मुलींसाठी बास्केटबॉलची वाट: पहिल्या ड्रिबलपासून पहिल्या पगारापर्यंत

भारतात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला महिन्याचा पगार बहुतेक वेळा नोकरीतून मिळतो. रेल्वे, केरळ राज्य विद्युत मंडळ, काही राज्यांची पोलीस दलं खेळाडूंना नोकरीत घेतात, सरावाला वेळ देतात, आणि त्या मुली त्या संस्थेकडून खेळतात. खाजगी लीग होतात, पण काही आठवड्यांपुरत्या. म्हणून ‘पोरीला यातच पुढे जायचंय’ असं घरात ठरलं की वर्षं शेवटाकडून मोजायला घ्यावीत. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीचं वय १८ ते २५. त्या वयात हातात राष्ट्रीय स्पर्धेचं अलीकडचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला राज्याच्या संघात जागा हवी, आणि तिथे टिकायला चार-पाच वर्षांचा सराव हवा. बाराव्या वर्षी चेंडू हातात घेतला तर वेळ पुरतो. चौदाव्या वर्षीही पुरतो, पण मग मधलं एखादं वर्ष वाया घालवता येत नाही.

गोव्याची एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. राज्य लहान, खेळणाऱ्या मुली कमी, त्यामुळे राज्य संघात शिरणं इथे चेन्नई किंवा बेंगळुरूपेक्षा सोपं आहे. त्याच कारणाने पुढे जाणं कठीण आहे, कारण वर्षभरात तोडीस तोड संघाशी होणारे सामने बोटावर मोजण्याइतके. गोव्याची जर्सी मिळाली की पोचलो असं वाटतं आणि तिथेच मुली थांबतात. खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

सुरुवात कुठे करायची

शाळेत कोर्ट असेल तर प्रश्नच नाही. मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत मात्र खो-खो आणि कबड्डीचं मैदान असतं, बास्केटची रिंग नसते. त्याने खचू नका. खो-खो खेळलेल्या मुलीचे पाय तयार असतात: खाली बसून झटकन उठणं, धावता धावता दिशा बदलणं, समोरच्याला हूल देणं. बचावासाठी नेमकं हेच लागतं. अशा मुली सहा महिन्यांत बचावात इतरांच्या पुढे जातात. चेंडू हाताळायला त्यांना वेळ लागतो, तो द्यावा.

कोर्टासाठी पणजीत कांपाल, म्हापशाला पेडे, फोंडा आणि नावेली इथली क्रीडा संकुलं आधी विचारून बघा. राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाचे आणि क्रीडा संचालनालयाचे प्रशिक्षक कुठे, किती वाजता येतात ते त्यांच्या कार्यालयात कळतं. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या घरांची अडचण वेगळी असते: सराव सात-साडेसातला संपतो आणि परतीची शेवटची कदंब बस चुकते. सुरुवात करण्याआधीच दोन-तीन घरांनी मिळून आणण्या-नेण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. मुली सराव सोडतात त्यामागे कंटाळ्यापेक्षा हा प्रवासच जास्त वेळा असतो.

पावसाचे चार महिने उघड्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं. ओल्या कोर्टावर ‘हळूहळू खेळू’ असं काही नसतं. घोटा तिथेच मुरगळतो. जून ते सप्टेंबर छताखालचा कोर्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर त्या दिवसांत ताकदीचे व्यायाम, अंगणात किंवा व्हरांड्यात ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत चालवणं) आणि भिंतीवर पास. एवढं नेमाने केलं तरी ऑक्टोबरात हात बसलेला असतो.

चेंडू आणि बूट

मुलींचा चेंडू ६ नंबरचा, घेर साधारण साडेअठ्ठावीस इंच. बाराच्या आतल्या मुलीला ५ नंबर द्या. शाळेत बहुधा मुलांचा ७ नंबरच पडलेला असतो आणि तोच सगळ्यांना दिला जातो. नुकसान इथूनच सुरू होतं. चेंडू मोठा आणि जड, म्हणून मुलगी तो कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलते, ती सवय अंगात भिनते आणि सोळाव्या वर्षी मोडता मोडत नाही. स्वतःचा ६ नंबरचा चेंडू घ्या: सिमेंटवर रबराचा, लाकडी कोर्टावर कॉम्पोझिट लेदरचा. हवा तपासायला चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडा. उसळून कमरेच्या आसपास आला की ठीक.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसाअखेर पाय थोडा फुगलेला असतो, आणि खेळताना घालतो तेच जाड मोजे घालून. पुढे अंगठ्यापाशी अर्ध्या बोटाची जागा, टाच मात्र घट्ट. धावण्याचे बूट चालत नाहीत, कडेला झुकताना त्यांची उंच मऊ टाच पायाला दगा देते. सिमेंटवर तळव्याची नक्षी लवकर गुळगुळीत होते. ती गेली की बूट बदलायचे, वर कितीही नवे दिसले तरी.

पहिलं वर्ष: हात बसवणं

कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग ३.०५ मीटर उंचीवर. फ्री थ्रोची (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) रेघ बोर्डापासून ४.६० मीटर, तीन गुणांची रेघ रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटर. पहिल्या वर्षी शेवटचा आकडा विसरून जा. नवशिक्या मुली आल्या आल्या लांबून चेंडू फेकतात. तेवढी ताकद नसते, मग खांदा वाकडा होतो, कोपर बाहेर जातं, आणि चुकलेलंच पक्कं होतं.

सुरुवात रिंगपासून दीड मीटरवर, एका हाताने. चेंडू तळहातावर टेकवू नका. बोटांच्या पेरांवर ठेवा, तळहात आणि चेंडूमध्ये उजेड दिसला पाहिजे. कोपर चेंडूच्या खाली, रिंगच्या दिशेने. गुडघे वाकवा, उठा, आणि उठण्याचा जोर संपता संपता मनगट सोडा. चेंडू गेल्यावर हात तसाच वर ठेवून बघा: मनगट खाली झुकलेलं, पहिली दोन बोटं रिंगकडे. चेंडू हवेत मागच्या बाजूला फिरत गेला तर शॉट बरोबर सुटला. आडवा फिरला तर दुसऱ्या हाताचा अंगठा मध्ये ढकलतोय. असे रोज २५. त्यातले २० गेले की एक पाऊल मागे. फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत यायला कुणाला तीन महिने लागतात, कुणाला आठ. घाई नको.

ले-अपला (धावत येऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला) उजव्या बाजूने उजवा पाय, डावा पाय, उडी. डाव्या बाजूने बरोबर उलटं, चेंडू डाव्या हातात. उजव्या हाताच्या मुलीने उजवीकडून एक केला तर डावीकडून दोन करावेत. डावा हात नसलेली मुलगी जिल्ह्यात चालून जाते. राष्ट्रीय स्पर्धेत समोरची बचावपटू पहिल्या दोन मिनिटांत हे ओळखते आणि तिला उजवीकडे जाऊच देत नाही.

फ्री थ्रोच्या सरावात एक चूक सगळीकडे होते: एका जागी उभं राहून सलग पन्नास मारणं. सामन्यात ते धाप लागलेली असताना बहुधा दोन-दोन मिळतात. म्हणून कोर्टाची एक लांब धाव, मग दोन शॉट, पुन्हा धाव. दहा वेळा. किती गेले ते वहीत तारखेसह लिहा. शंभरात सत्तर जायला लागले की राज्य पातळीवर तुमच्यावर प्रशिक्षकाचा भरवसा बसतो.

दीड तासाचा सराव असा वाटावा: १५ मिनिटं अंग गरम करणं, २० मिनिटं ड्रिबल, २५ मिनिटं शॉट, २५ मिनिटं प्रत्यक्ष खेळ, शेवटची ५ मिनिटं ताण देणं. आठवड्यातून चार दिवस कोर्ट, दोन दिवस ताकद, एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीच्या दिवशीही ‘थोडंसं’ खेळणाऱ्या मुलींच्या नडगीला बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात दुखणं लागतं.

उंच मुलीला रिंगखाली अडकवू नका

गोव्यात साडेपाच फुटांची मुलगी संघात सगळ्यात उंच असते. मग तिला सेंटर (रिंगजवळची खेळाडू) करतात, रिंगखाली उभी करतात आणि ड्रिबल करायला कधी सांगत नाहीत. ती राष्ट्रीय स्पर्धेला जाते तेव्हा समोर सहा फुटांच्या मुली असतात. भारताकडून खेळलेली गीतू अॅना जोस सहा फूट दोन इंच. तशीच भारताची पूनम चतुर्वेदी तर पावणेसात फुटांहूनही उंच. रिंगखाली आपली मुलगी एकदम ठेंगणी ठरते, आणि बाहेरून खेळायचं तर हातात काहीच नसतं. सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलीला गार्डसारखा (बाहेरून खेळ चालवणारीसारखा) चेंडू हाताळता आला पाहिजे. जागा नंतर ठरवावी. प्रशिक्षक ऐकत नसतील तर हा सराव घरी करा, पण सोडू नका.

कमी उंचीच्या मुलींनी ३x३ हा प्रकार जरूर खेळावा. अर्धा कोर्ट, एका संघात तीन खेळाडू आणि एक राखीव, १० मिनिटं किंवा आधी २१ गुण, आणि शॉट घ्यायला फक्त १२ सेकंद. पाच-पाचच्या खेळात २४ सेकंद मिळतात. इथे लपायला जागा नाही, प्रत्येकीला सगळं करावं लागतं. शिवाय चार चांगल्या मुली जमवणं आपल्या लहान राज्याला बारा जमवण्यापेक्षा परवडतं. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही आहे.

वयोगट आणि कागद

दोन शिड्या समांतर चालतात. एक शाळेची: तालुका, जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत. दुसरी संघटनेची: गोवा बास्केटबॉल असोसिएशनच्या निवड चाचण्या आणि भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा, सब-ज्युनियर, मग १६ खालचा यूथ, १८ खालचा ज्युनियर, आणि सीनियर. दोन्हींवर पाय ठेवा. एका वर्षी एकीकडे संधी हुकली तर दुसरीकडे असते. वयाची कट-ऑफ तारीख दोन्हीकडे वेगळी असू शकते, म्हणून दर वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा. ‘सरांनी सांगितलं होतं’ यावर विसंबू नये.

जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर एकच हवं. आपल्याकडे एकच आडनाव पोर्तुगीज वळणानेही लिहितात आणि इंग्रजी वळणानेही. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, आणि मुलगी नाव नोंदणीच्या टेबलावर अडते. दुरुस्ती पंचायत किंवा पालिकेतून होते, तिला वेळ लागतो. ती पाचवी-सहावीतच करून घ्या. वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर तिथल्या तिथे नाही म्हणा. पकडलं गेल्यावर बंदी मुलीवर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

प्रमाणपत्रांची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा. केंद्र सरकारच्या क्रीडा भरतीत ठरलेले नमुने चालतात: देशाकडून खेळल्याचा फॉर्म १, राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळल्याचा फॉर्म २, विद्यापीठाचा फॉर्म ३, राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा फॉर्म ४. त्यावर अनुक्रमे राष्ट्रीय महासंघाचे सचिव, राज्य संघटनेचे सचिव, विद्यापीठाचे क्रीडा संचालक आणि शिक्षण खात्यातले शालेय क्रीडा पाहणारे अधिकारी यांची सही लागते. स्पर्धेत मिळालेलं रंगीत प्रमाणपत्र आणि हा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेहून परतल्यावर महिन्याच्या आत फॉर्म भरून सही-शिक्का घ्या. पाच वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात, जुनी नोंद शोधायला कुणाला सवड नसते, आणि अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली असते. मूळ कागद लॅमिनेट करू नका.

दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी गोवा बोर्डाकडे खेळाचे गुण आहेत. शाळेने ते वेळेत पाठवले का, याची पालकांनी एकदा जाऊन खात्री करावी.

निवड चाचणीचा दिवस

साठ मुली, दोन रिंगा, चार निवडकर्ते. प्रत्येकीला मोकळ्या खेळाची दहा-बारा मिनिटं मिळतात. त्यात मुली आपण किती शॉट मारू शकतो ते दाखवायला जातात, आणि सगळ्याच तेच करत असल्यामुळे कुणीच नजरेत भरत नाही. नजरेत भरते ती शॉट चुकल्याबरोबर मागे धावणारी, बचावात तोंडाने बोलणारी (‘डावीकडे स्क्रीन!’, म्हणजे तिकडे वाट अडवायला कुणी उभी आहे, किंवा ‘माझी!’), पास दिल्यावर उभी न राहणारी. रिबाउंडला (चुकलेल्या शॉटचा चेंडू परत येताना) पाठ लावून प्रतिस्पर्ध्याला अडवणारी तर हमखास. हे सगळं उंचीशिवाय होतं.

दोन तास आधी हलकं खा: पेज आणि उकडलेलं अंडं, किंवा पोळी आणि केळं. नवे बूट त्या दिवशी घालू नका.

गुडघा, पाळी आणि ताट

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त होते ती घोट्याची मुरगळ. कारकीर्द मोडते ती गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत. ती मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होते, आणि बहुधा कुणाचा धक्का न लागता: उडीवरून उतरताना किंवा अचानक वळताना गुडघा आत कोसळतो. शस्त्रक्रियेनंतर कोर्टावर परतायला ९ ते १२ महिने जातात.

घरात एक तपासणी करा. मुलीला फूटभर उंच पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारून उतरायला सांगा आणि समोरून मोबाईलवर चित्रण करा. उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले तर काम बाकी आहे. गुडघे पावलांच्या रेषेत, कंबर मागे, आवाज न करता उतरणं: असं आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी १० उड्या, तीन फेऱ्या. जोडीला एका पायावर बसणं-उठणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि प्लँक. सरावाच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं यातच गेली पाहिजेत. कोर्टाभोवती दोन चकरा मारल्याने गुडघा वाचत नाही.

पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळते म्हणून असेल’ असं म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा शरीराला मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडत असतं, आणि त्याची किंमत हाडं देतात. नडगीला बारीक तडे जातात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती मुलगी चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरला दमणारच, तिला आळशी म्हणू नका. तिसऱ्या (शिंपल्या), नाचणी, हळसांदे (चवळीचा प्रकार), पालेभाज्या ताटात हव्यात. वरून लिंबू पिळा, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. आमच्या दमट हवेत घाम किती जातो ते कळायला सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, सोबत मीठ. मिठाची पेज यासाठी फार चांगली.

प्रोटीनच्या डब्यात आणि सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत उत्तेजक चाचणीत सापडणारी द्रव्यं असू शकतात. राष्ट्रीय पातळीवर गेल्यावर डॉक्टरला प्रत्येक वेळी आधी सांगा की मुलगी खेळाडू आहे. दम्याचा पंप लागत असेल तर त्याची कागदपत्रं तयार ठेवा.

बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर महिला व्यवस्थापक जाते का, मुलींची खोली कुठे आहे, हे विचारणं पालकांचा हक्क आहे. वागणूक खटकली तर मुलीने घरी सांगावं आणि घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवावा. अठराच्या आतल्या मुलीसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि १०९८ हा मदत क्रमांक आहे.

गोव्याबाहेर पाऊल

बारावीनंतर निर्णयाची वेळ येते. गोव्यात राहिलात तर गोवा विद्यापीठाकडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा मिळतात आणि घर जवळ राहतं. पण रोज तुमच्यापेक्षा सरस मुलींशी खेळायचं असेल तर बाहेर जावं लागतं. छत्तीसगड हे राज्य २००० मध्ये झालं, आणि भिलाईत राजेश पटेल यांनी मुलींना एकत्र ठेवून, रोज सकाळ-संध्याकाळ सराव करून घेऊन राष्ट्रीय विजेते संघ घडवले. रोज त्याच दर्जाच्या मुली समोर असणं, हे तिथे होतं.

केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातली काही महाविद्यालयं क्रीडा कोट्यातून प्रवेश आणि वसतिगृह देतात. चंगनाशेरीचं असम्प्शन कॉलेज महिला बास्केटबॉलसाठी नावाजलेलं आहे, गीतू तिथलीच. चाचण्या साधारण बारावीच्या निकालाच्या आसपास होतात, म्हणून डिसेंबरातच संपर्क करा. सोबत दोन पूर्ण सामन्यांचं चित्रण पाठवा. निवडक बास्केट जोडलेली दोन मिनिटांची फीत प्रशिक्षकाला फार काही सांगत नाही. चेंडू नसताना मुलगी काय करते, हे त्यांना बघायचं असतं. दुसऱ्या राज्याकडून खेळायचं झालं तर गोवा संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. ते मागायला संकोचू नका, आणि भांडून जाऊ नका.

अमेरिकेत शिकत खेळायचं मनात असेल तर नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपा, तिथे नववीपासूनचे विषय मोजतात. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाकडून तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धांच्या पहिल्या श्रेणीत खेळली, म्हणजे वाट आहे. मात्र त्याआधी खेळाचे पैसे घेतलेत किंवा एजंटशी करार केलात तर पात्रता धोक्यात येऊ शकते.

नोकरी आणि करार

रेल्वेच्या क्रीडा भरतीत १०० गुण: ५० मान्यताप्राप्त कामगिरीचे, ४० चाचणीचे, १० शिक्षणाचे. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर बाकीचं बघतच नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेत नुसता सहभाग पुरत नाही, संघाचं स्थानही लागतं; कितवं, ते पदाच्या वेतनस्तराप्रमाणे ठरतं. आणि कामगिरी अलीकडच्या वर्षांतली हवी. सतराव्या वर्षीचं पदक चोविसाव्या वर्षी चालत नाही. गोव्याच्या संघाला ते स्थान मिळत नसेल तर विद्यापीठाच्या संघातून मिळवायचा प्रयत्न करा, त्यासाठीही महाविद्यालय विचारपूर्वक निवडायचं. पदवी पूर्ण करा: शिक्षणाचे दहा गुण तर आहेतच, शिवाय खेळ थांबल्यावर बढती त्यावरच मिळते. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेत नोकरी करत भारताची कर्णधार झाली. देशासाठी खेळणाऱ्या अनेक जणींचं घर असंच चालतं.

खाजगी लीगचा करार आला तर सही करण्याआधी पाच गोष्टी कागदावर बघा: पैसे कोणत्या तारखांना मिळणार, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि किती काळ, प्रवास व राहणं कुणाकडे, तुमच्या छायाचित्रांचा वापर कुठवर, आणि लीग मध्येच थांबली तर काय. तोंडी कबुली मोजू नका. नोकरी असेल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि लीगला महासंघाची मान्यता आहे का ते विचारा. कराराची एक प्रत घरी, प्रमाणपत्रांच्या त्याच फाईलीत.